पाचव्या चाकातली हवा

तेमेरलोहमध्ये ज्याच्या खिशात गाडीचा परवाना आहे, त्याने चिगू सबिरीन यांची बोलणी खाल्लेली असतातच. चिगू म्हणजे गुरुजी. नदीकाठच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी आधी बापांना गाडी शिकवली, मग त्यांच्या पोरांना. चिगू समोरून येताना दिसले की आमच्याकडची माणसं अजून नकळत सीटबेल्ट चाचपतात.

त्यांचा पहिला धडा स्टिअरिंगवर नसे. डिकीत असे.

"उघड," चिगू म्हणत. "सामान काढ. खालचा गालिचा उचल. काय दिसतं?"

"स्टेपनी, चिगू."

"अंगठ्याने दाब. अंगठा आत गेला तर तू घरी जा."

आताच्या गाड्यांत ही स्टेपनी बारकी असते. बाकीच्या चाकांच्या निम्म्या रुंदीची, जरा उपाशी दिसणारी. चिगू तिच्याबद्दल सगळं नीट सांगत. ही तात्पुरती आहे. हिच्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही. पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, सासुरवाडीपर्यंत नाही. पुढचं चाक बसलं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावायचं आणि ही मागे लावायची. कारण या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात आणि त्यांनीच वळतात. "ज्याला एवढा कंटाळा येतो, त्याने रेडा पाळावा," असं ते म्हणत.

आणि हवा. "चारही चाकांना बत्तीस पाउंड. पाचव्यालाही बत्तीस. घरातल्या पोरांत भेदभाव नको."

हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. रायाचा, म्हणजे ईदचा, सण आला की सगळे लांबच्या गावी निघतात. पेट्रोलपंपावर हवेसाठी रांग लागते. त्या रांगेत कुणी ना कुणी ते वाक्य चिगूंच्या आवाजात म्हणून दाखवी आणि बाकीचे हसत. चिगूंच्या कानावर ते येई. ते ऐकलं नाही असं दाखवत आणि घरी जाऊन बायकोला सांगत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात हवा मोजायचं पितळी मीटर असे. लष्करात ते ट्रक चालवत, तेव्हापासूनचं. त्या ट्रकची चाकं सगळी सारखी होती. पाचवंही.

हायकल हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ वारला तेव्हा पोर शाळेत होतं. पुढचं सगळं चिगूंनी केलं, आणि आता त्याचं लग्नही तेच करत होते. मुलगी जेरान्तुतची. निकाहाच्या वेळी वराशेजारी बापाच्या जागी चिगूंनी बसायचं होतं. त्यासाठी कलसोमने, त्यांच्या बायकोने, त्यांना नवा चष्मा करायला लावला होता.

"काझी कागद पुढे करतील आणि तुम्ही तो हातभर लांब धरणार," ती म्हणाली होती. "लोक म्हणतील, नवरदेवाच्या काकांना लिहिता-वाचता येत नाही."

"मला सगळं पाठ आहे," चिगू म्हणाले होते. पण चष्मा केला.

सकाळी सहा गाड्या निघाल्या. पुढे चिगूंची, त्यात नवरदेव. मागे शाहरोमची. शाहरोम हायकलचा मित्र, पंखे आणि कूलर दुरुस्त करणारा, तोंडाचा फटकळ. त्याच्या गाडीत नूरलिडा बसली होती. लिडा शिंपीण. हायकलचा पोशाख तिने शिवला होता, आणि कमरेचं जरीचं वस्त्र ऐन वेळी चुणीत बसवायला तीच हवी होती.

लिडा गाडी चालवत नसे. पूर्वी चालवायची. तीन वर्षांपूर्वी मेन्ताकाबहून कापडाचे गठ्ठे घेऊन येताना तिचं मागचं चाक बसलं. तिने स्वतः स्टेपनी लावली आणि निघाली. वळणावर ती स्टेपनी फुटली. गाडी गटारात गेली. उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण सरळ नाही. आता काजं ती दुसरीकडून करून घेते.

चिगू तिला इस्पितळात भेटायला गेले होते. फळं घेऊन गेले होते. पलंगाशी उभं राहून, तिच्या आईसमोर, ते म्हणाले होते, "किती वेगात होतीस?"

"सत्तर, चिगू."

"स्टेपनी सत्तरला फुटत नाही."

"सत्तरच होती."

"शंभराच्या वर असणार. खोटं बोलून हाड जुळत नाही, पोरी."

त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीला ते डिकीशी उभे राहून सांगत, बारक्या चाकावर मस्ती करायची नाही. नूरलिडा शिंपिणीचं काय झालं, विचारा गावात. गावात मग ते तसंच झालं. बायका कपडे टाकायला गेल्या की म्हणत, "लिडा, शिलाई मात्र तुझ्या गाडीच्या वेगाने कर हं." लिडा हसायची. निदान तसं दिसायचं.

क्वाला क्राऊ गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ताडाची लागवड सुरू झाली. तिथे चिगूंच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलं. खिळा होता.

गाड्या एकामागे एक थांबल्या. चिगू शांत होते. जरा खूशच होते म्हटलं तरी चालेल. बाह्या सरसावून ते म्हणाले, "घाई नाही. बघून घ्या सगळ्यांनी. परीक्षा पास झाल्यावर कुणी बघत नाही."

"लग्न आहे का क्लास आहे?" शाहरोम म्हणाला. "हायकल, तुला आज निकाहाआधी चाक बदलून दाखवावं लागणार."

डिकी वधूला द्यायच्या भेटींच्या ताटांनी भरली होती. विड्याच्या पानांचा मनोरा, केक, नमाजाचे पांढरे कपडे, बूट, फळं. बायकांनी एकेक ताट उचलून बसथांब्याच्या बाकावर नेऊन ठेवलं. कलसोम त्यांच्यापुढे माश्या वारत उभी राहिली. चिगूंनी गालिचा उचलला. अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

चिगूंनी चष्मा चढवला, मीटर लावलं. वीस. मागच्या रायाला त्यांनी स्वतः बत्तीस भरली होती.

"उतरली," ते म्हणाले. "पडून पडून उतरते."

"माझी घ्या, चिगू," शाहरोम म्हणाला. आमच्याकडे निम्म्या गाड्या एकाच जातीच्या. चाक कुणाचंही कुणालाही बसतं. त्याने आपली डिकी उघडली. तिथलीही ताटं बाकावर गेली. मीटर लावलं. सव्वीस.

"परवाच भरली होती, चिगू. म्हणजे गेल्या महिन्यात. बत्तीस. तुम्ही सांगता तेवढीच." तो फटकळ माणूस मान खाली घालून उभा होता. "माझंच लक्ष नाही."

मग बाकीच्यांनी आपापल्या डिक्या उघडल्या. ताटांनी बाक भरला. शेवटचं ताट एका म्हातारीच्या मांडीवर गेलं. चोवीस. पंचवीस. बावीस. एकाची तीस होती, पण त्याने ती काल संध्याकाळीच भरली होती, आणि ते चिगूंना सांगताना त्याचा चेहरा पहिल्या नंबराच्या मुलासारखा झाला होता. बाकीचे मात्र ओशाळले होते. चिगूंचे शिष्य, आणि चिगूंसमोरच हे. "चुकलंच, चिगू." "पोरांच्या शाळेच्या गडबडीत राहून गेलं, चिगू."

चिगू त्या तीसवाल्या चाकापाशी उकिडवे बसले होते. मीटर काढलं होतं. चष्मा अजून नाकावर होता.

चाकाच्या काळ्या रबरावर काळ्याच अक्षरांत काही उठलेलं होतं. ते आजवर कितीतरी वेळा त्यांच्या हाताखालून गेलं होतं. आज ते वाचता आलं. हवा: साठ पाउंड. शेजारी पिवळी चिठ्ठी होती, तिच्यावर ऐंशीचा आकडा मोठा, आणि खाली बारीक अक्षरांत पुन्हा तेच. साठ.

ते उठले. दुसऱ्या गाडीच्या डिकीत वाकले. तिथेही साठ. आपल्या गाडीपाशी आले. साठ.

तेव्हा त्यांना आठवलं. उन्हाळी दुपार, ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्र्याखाली नवी तुकडी, आणि डिकीत डोकं घालून वाकलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी.

"चिगू, इथे साठ लिहिलंय."

"तो कारखान्याचा नंबर असेल."

"पण पुढे पाउंड लिहिलंय."

"तू वाचायला आलीस का चालवायला?"

सगळी तुकडी हसली होती. मुलगीही हसली होती. आणि मग तिने बत्तीस भरली होती. त्या दिवशी, आणि नंतरही दर वेळी. कापडाच्या गठ्ठ्यांचा भार, निम्म्या हवेचं बारकं चाक, दुपारचा तापलेला रस्ता. सत्तर.

चिगूंनी मान वर केली. लिडा बसथांब्याच्या खांबाशी उभी होती. ती त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचं बोट अजून त्या अक्षरांवर होतं. त्यांनी ते उचललं.

"काय झालं, चिगू?" शाहरोमने विचारलं.

"काही नाही," चिगू म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, वरच्या आवाजात म्हणाले, "महिन्यातून एकदा हवा बघा म्हणून किती वेळा सांगितलं? एकानेही ऐकू नये?"

"चुकलं, चिगू," शाहरोम म्हणाला.

मागचं चांगलं चाक पुढे गेलं, तीसवाली स्टेपनी मागे लागली. चिगूंनी नट फुलीच्या क्रमाने आवळले, जॅक उतरवल्यावर पुन्हा आवळले. हात चुकले नाहीत. हातांना ते पाठ होतं. ताटं बाकीच्या गाड्यांत वाटून दिली. चिगूंची डिकी रिकामी ठेवली.

"तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "हायकलला घेऊन जा. मला हळू यावं लागेल."

"पाक लोंगशिवाय मी काझींसमोर बसणार नाही," हायकल म्हणाला. पाक लोंग म्हणजे थोरले काका. "मशिदीच्या फाट्यावर थांबतो आम्ही. सगळी गावकी एकत्र आत जाते, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

तेही त्यांनीच शिकवलं होतं.

ते चाळीसने गेले. मागून लाकडाचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. कलसोम शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हवा कमी निघाली म्हणून कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. उगाच तोंड एवढं करून बसू नका."

चिगूंनी आरशात पाहिलं आणि एका ट्रकला वाट दिली.

जेरान्तुतच्या वेशीवर पेट्रोलपंप लागला. चिगू उतरले. हवेच्या यंत्रावर आकडा लावायचा असतो. तो गाठला की यंत्र शीळ घालतं. फाट्यावर थांबलेल्या गाड्या तिथून दिसत होत्या. चिगू यंत्राच्या आणि त्या गाड्यांच्या मधे पाठ करून उभे राहिले. आकडा वाढवत नेला. चाळीस. पन्नास. साठ. एखाद्याने भिंतीआड सिगारेट ओढावी तसे ते उभे होते. शीळ वाजली. बारकं चाक ताठ झालं. ज्या चाकाबद्दल ते आयुष्यभर बोलत आले, ते कसं उभं राहतं हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

फाट्यावर वऱ्हाड उन्हात उभं होतं. लिडाने पुढे होऊन हायकलचं जरीचं वस्त्र पुन्हा बसवलं. डाव्या हाताने चुणी घेत होती, उजव्याने नुसतं दाबत होती. चिगूंनी दुसरीकडे पाहिलं. डफ वाजू लागले.

काझी थट्टेखोर होते. "नवरी केव्हाची तयार आहे," ते म्हणाले. "काकांचंच नटणं होत नव्हतं, असं ऐकलं."

सगळे हसले. चिगू हायकलशेजारी बसले. हायकलने शब्द एका दमात म्हटले, साक्षीदारांनी मान डोलावली, आणि बायकांच्या बाजूला कुणीतरी रडलं. चिगूंच्या कानावर हे सगळं आलं. आत गेलं नाही. कागद पुढे आला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद अगदी जवळून, अक्षर अन् अक्षर वाचला. काझी थांबून राहिले.

जेवायला पतीन माशाचं कालवण होतं, आंबवलेलं ड्युरियन फळ घालून केलेलं. वधूच्या चुलत्यांनी ते दोनदा वाढलं. "आपल्या तेमेरलोहच्या चवीचं नसेल, चिगू." चिगूंनी पानातलं सगळं संपवलं. चव सांगता आली नसती.

दुपारी परत निघताना सगळ्या गाड्या त्याच पंपावर वळल्या. कुणी ठरवलं नव्हतं. सकाळी गुरुजी रागावले होते, म्हणून सगळ्यांनी आपापल्या डिक्या उघडल्या होत्या. मोठी माणसं रांगेत, हातात बारकी चाकं. शाहरोम यंत्रापाशी होता.

"चिगू, आकडा लावलाय. बत्तीस. भेदभाव नको." तो हसला. त्याला समेट करायचा होता.

चिगू पुढे आले.

"साठ लाव," ते म्हणाले.

"किती?"

"साठ."

"साठ?" मागून कुणीतरी म्हणालं. "फुटेल की, चिगू."

"नाही फुटणार. आता नवीन..." चिगूंनी सुरुवात केली. वाक्य तयार होतं. वाटेत येतानाच त्यांनी ते तयार केलं होतं. आता नवीन नियम आला आहे, कंपनीने आकडा बदलला आहे. एवढं म्हटलं असतं तरी सगळ्यांनी साठ भरली असती. कुणाचंही चाक पुढे फुटलं नसतं. चिगू चिगू राहिले असते.

लिडा शाहरोमच्या गाडीत बसली होती. खिडकीची काच खाली होती. तिने हात खिडकीत टेकला होता, उजवा. मनगट बाहेरच्या बाजूला थोडं वळलेलं.

"नवीन काही नाही," चिगू म्हणाले. "चाकावर लिहिलंय. पहिल्यापासून लिहिलंय. मी वाचलं नव्हतं."

यंत्राची नळी शाहरोमच्या हातात तशीच होती.

"बारक्या चाकाला साठ लागते. मी तुम्हाला बत्तीस शिकवली. सगळ्यांना. सकाळी तुमची चूक नव्हती." त्यांनी खिशातलं मीटर चाचपलं. "लिडाने मला तेव्हाच दाखवलं होतं. मी तिला हसलो. तिने माझं ऐकून बत्तीस भरली, म्हणून ते चाक फुटलं. ती सत्तरनेच येत होती."

पंपावरची पोरगी गल्ल्यामागून बघत राहिली. मग एकजण पुटपुटला, "होतं असं, चिगू. माणूसच आहे." आणखी एकाने मान हलवली. त्यांना चिगूंना यातून लवकर बाहेर काढायचं होतं. चिगूंना ते जास्त लागलं. कुणीतरी शिवी द्यायला हवी होती.

शाहरोमने गाडीकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात त्याने लिडाला वेगावरून काहीतरी म्हटलं होतं. त्याने खाली बघून आकडा बदलला.

चिगू खिडकीशी गेले. "लिडा," ते म्हणाले.

लिडाने हात आत घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. क्षमाही नव्हती. तिला बहुतेक घरी जायचं होतं.

"मला काय सांगताय, चिगू?" ती म्हणाली. "मला माहीत होतं मी किती वेगात होते." मग म्हणाली, "आईला सांगा. ती अजून विचारते, एवढी घाई कशाची होती म्हणून."

चिगूंनी वाटेत पंक्चर काढून घेतलं नाही. दुकान उघडं होतं, कलसोमने दाखवलंही. त्यांनी गाडी थांबवली नाही. बारक्या चाकावरच, वेग साठच्या आत ठेवून, ते तेमेरलोहला आले आणि घराकडे न वळता सरळ लिडाच्या दारात गेले. ताठ भरलेलं चाक कुठे दबलं नाही.

लिडाची आई रुगाया, गावाची माकचिक, म्हणजे मावशी, ओसरीवर भाजी निवडत होती. चिगूंना पाहून तिने घाईने डोक्यावरून ओढणी घेतली आणि उठू लागली. तिचे गुडघे दुखतात.

"बसा, माकचिक. उठू नका."

"वा! चिगू आमच्याकडे आणि मी बसून राहू? लिडा, चहा टाक. लग्न कसं झालं? पोरगी कशी आहे?" तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते. शेजारच्या ओसरीवर दोन बायका पापड वाळवत होत्या. त्यांनी हात उंचावून चिगूंना सलाम केला. "बरं झालं आलात. त्या वेळी इस्पितळात तुम्ही आमच्या पोरीला रागावलात ना, फार बरं केलंत. माझं ऐकत नव्हती. तुमच्यासारखं कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

शाहरोमने आधीच घरी सोडलेली लिडा आत गेली नव्हती. दारात उभी होती.

चिगू पायरीवर बसले. चष्मा खिशातून काढला, पुन्हा ठेवला.

"माकचिक, ती वेगात नव्हती," ते म्हणाले. "चूक माझी होती."

"काय म्हणालात?" रुगायाने कानामागे हात धरला. "काय होतं तुमचं?"

शेजारच्या बायकांचे हात थांबले होते.

चिगू सबिरीन यांनी मोठा श्वास घेतला. मग वर्गात बोलत तसं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ते पहिल्यापासून सांगू लागले.